कानानं बघायची सकाळ

मे महिन्यात कोकणातल्या माणसाला पहाटे उठवायला घड्याळ लागत नाही. उकाड्यानं झोप तशीही पातळ झालेली असते आणि चार-साडेचारच्या सुमाराला आंब्यावर कोकिळ सुरू होतो. कवितेत कोकिळा गाते. झाडावर मात्र गातो तो नर. त्याच्या मागोमाग पावशा ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ म्हणू लागतो. शहरातून आलेल्या पाहुण्याची त्या आवाजानं झोपमोड होते. आमच्या घरात मात्र तो ऐकला की दादीला कामं आठवत. कौलं परतली का, जळण आत घेतलं का, बियाणं उन्हात घातलं का, अशी एकेकाची झडती सुरू होई. दादीनं पावशा कधी पाहिला होता का, मला ठाऊक नाही. गावात तो पाहिलेला माणूस तसा विरळाच. ओळख सगळी आवाजाची.

श्रोतेहो, आज मी तुम्हाला अशाच एका सकाळविषयी सांगणार आहे. गेल्या वर्षी मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात संगमेश्वर तालुक्यात, शास्त्री नदीच्या खोऱ्यात वरच्या अंगाला आम्ही सहा जण पक्षी पाहायला गेलो होतो. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, तिच्यावर प्रचितगड, गडापलीकडे चांदोलीचं रान. खाली उतरत आलेले डोंगरांचे सोंड, त्यांच्यामध्ये पऱ्ये आणि पऱ्यांच्या काठाकाठानं वाड्या. गावाचं नाव मात्र मी सांगणार नाही. त्याचं कारण पुढे येईल.

पुण्याचं एक निवृत्त शिक्षक जोडपं होतं, महाविद्यालयात शिकणाऱ्या दोन मुली होत्या, एक बँकेतले गृहस्थ होते आणि मी. आम्हाला घेऊन जाणारा वाटाड्या त्याच खोऱ्यातला, चाळिशीच्या आतला तरुण. वयाच्या सोळाव्या वर्षापासून तो बापाबरोबर लाकूडतोडीला जायचा. कुठलं झाड कुठे आहे हे त्याला त्या कामामुळे पाठ झालेलं. आता तो पाहुण्यांना पक्षी दाखवतो आणि उरलेल्या वेळात घरट्यांच्या नोंदी ठेवतो.

बाकीचे हौसेनं आले होते. माझं येणं मात्र निव्वळ हौसेचं नव्हतं. त्या खोऱ्यात माझ्या आजोबांची साडेतीन एकर वरकस जमीन आहे. सातबाऱ्यावर चौदा नावं. कुणी मुंबईत, कुणी कुवेतला, कुणी रत्नागिरीत. जमिनीवर राहतो तो एकटा माझा चुलतभाऊ. त्याचा हिवाळ्यात फोन आला होता. वखारवाला येऊन झाडं मोजून गेला होता. भाव बरा देत होता. घराचं छप्पर करायचं होतं, मुलीला नर्सिंगला घालायचं होतं. चौदा जणांच्या सह्या हव्या होत्या. त्यानं सरळ सांगितलं, “एका बेहड्यावर ककणेर आहे म्हणतात. तू लिहिणारा माणूस. आधी ये, बघ. मग सही कर नाहीतर करू नको.”

ककणेर म्हणजे पुस्तकातला धनेश. महाराष्ट्रात धनेशाच्या चार जाती आहेत. गावांच्या आसपासही दिसणारा राखी धनेश, सह्याद्रीच्या दाट रानातला मलबारी राखी धनेश, काळ्यापांढऱ्या पिसांचा मलबारी कवड्या धनेश आणि सगळ्यांत मोठा महाधनेश. आमच्या बेहड्यावर होता तो कवड्या धनेश.

फजरची नमाज आटोपून मी बाहेर पडलो तेव्हा वाटाड्या अंगणात उभा होता. सगळ्यांचे कपडे त्यानं आधी बघून घेतले. एका मुलीची लाल ओढणी पिशवीत गेली. मोबाइल बंद झाले. आवाज लावून पक्ष्याला बोलवायचं नाही, हे त्यानं बजावून सांगितलं. आपल्या हद्दीत दुसरा नर आला असं समजून पक्षी चिडतो, घरटं सोडून धावत सुटतो. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “चाचा, आता बोलायचं न्हाय. उजाडंपतुर कानानं बगायचं.”

पऱ्याच्या काठानं आम्ही वर निघालो. पाणी आटून खडकांमध्ये दोन-तीन डोह तेवढे उरले होते. अजून पुरतं फटफटलं नव्हतं. तेवढ्यात डोहाच्या बाजूनं शीळ आली. एखादा पोरगा चाल विसरावी, पुन्हा आठवावी, पुन्हा विसरावी अशी शीळ घालत रमतगमत चालला आहे, अगदी तसं. शिक्षकबाईंनी मागे वळून पाहिलंसुद्धा. तो शीळकरी कस्तुर होता. दिसला तेव्हा नुसता काळा वाटला. ऊन पडल्यावर त्याच्या कपाळावर आणि खांद्यावर निळी झाक उमटली. पाऊस जवळ येतो तसं याचं गाणं वाढतं. पाण्याजवळच्या खडकांच्या कपारीत तो घरटं करतो.

उजाडलं आणि आवाजांची गर्दी झाली. इथे आमच्या वाटाड्याची एक पद्धत मला फार आवडली. पक्षी दिसला की तो लगेच नाव सांगत नसे. “तुमच्यात काय म्हणतात?” असं प्रत्येकाला विचारी. सगळ्यांची नावं ऐकून घेई, मग आपलं सांगे आणि शेवटी पुस्तकातलं. तांबूस पंखांचा, लाल डोळ्यांचा एक पक्षी करवंदीच्या जाळीतून चालत बाहेर आला. शिक्षक म्हणाले, भारद्वाज. बँकेतले गृहस्थ सोलापूरकडचे, ते म्हणाले, कुंभारकावळा. वाटाड्या म्हणाला, कुकुडकुंभा. सकाळी तो दिसणं शुभ, यावर मात्र तिघांचंही एकमत झालं.

पाखरांची ही नावं नीट ऐकली तर एक आख्खं गाव उभं राहतं. झाडावर ठोके घालणारा तो सुतार. पानं शिवून घरटं करणारा तो शिंपी. भर दुपारी तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा एका लयीत टुक-टुक करत राहतो तो तांबट. दुसऱ्यांच्या वस्तीवर नजर ठेवून फिरणारा कोतवाल. माणसांतले तांबट आता किती उरलेत? पुण्यात तांबट आळी आहे, तिथे अजून काही घरांतून ठोक्यांचं काम चालतं. पण पुष्कळ गावांतल्या मुलांनी तांब्याचं भांडं ठोकताना कधी पाहिलेलं नाही. त्या मुलांना पाखराचं नाव कळायचं तर आधी तो धंदा काय होता ते सांगावं लागतं.

बुलबुल दिसला तेव्हा मला राहवलं नाही. आमच्या घरी उर्दू गझल ऐकली जायची. तिथे बुलबुल म्हणजे गुलाबासाठी रात्रभर रडणारा प्रेमिक. तो बुलबुल इराणातला, वेगळाच पक्षी. आपल्याकडचा लालबुड्या बुलबुल दिवसाढवळ्या पपईवर भांडणं करतो. नाव तेवढं प्रवास करून आलं आणि इथल्या पाखराला चिकटलं. हुदहुदचं उलट आहे. दादी सांगायची त्या गोष्टीत तो हजरत सुलेमानचा निरोप्या होता. पुढे मराठी पक्ष्यांच्या पुस्तकात हुदहुद्या हे नाव वाचलं आणि मला शेजारच्या घरात आपलंच भांडं सापडावं तसा आनंद झाला.

अशी नावं जमवण्यात मारुती चितमपल्ली यांनी आयुष्य घातलं. वनखात्यात नोकरी करता करता आदिवासी, शिकारी, कोळी यांच्या तोंडचे शब्द त्यांनी टिपून ठेवले आणि मराठीला ‘पक्षीकोश’ दिला. जून २०२५मध्ये ते गेले. रानातल्या म्हाताऱ्या माणसांकडून शब्द घेताना ते आपल्या अधिकाराचा गणवेश बाजूला ठेवत असणार, असं त्यांचं लिखाण वाचताना मला नेहमी वाटतं. आमच्या वाटाड्याच्या “तुमच्यात काय म्हणतात?” या प्रश्नातही तीच अदब होती.

चढ संपला. एका बाजूला भाजावळीनं काळे पडलेले वरकस तुकडे, दुसऱ्या बाजूला ऐन-किंजळीचं रान. वाटेत रायवळ आंब्यांचा सडा पडला होता. वरून खडखड करत एक शेकरू या फांदीवरून त्या फांदीवर गेलं. दाटीतून नवरंगाची दोन सुरांची शीळ आली. पावसाच्या तोंडावर हा पाहुणा कोकणात उतरतो. पुढे वाटाड्यानं हात वर केला आणि आम्ही जिथे होतो तिथेच बसलो. समोर शंभरएक पावलांवर आमचा बेहडा होता. यापुढे एक पाऊलही जायचं नाही, असं त्यानं खुणेनं सांगितलं.

बेहडा म्हणजे त्रिफळ्यातला एक भाऊ. हिरडा, बेहडा, आवळकाठी. त्याच्याबद्दल लोकांच्या मनात भीती असते. त्याखाली झोपू नये, त्यावर भूत असतं, असं म्हणतात. ही भीती जुनी आहे. महाभारतातल्या नळाच्या गोष्टीत कली नळाच्या अंगातून निघतो तो बेहड्यात शिरतो. त्याहूनही आधी, ऋग्वेदातला जुगारी ज्या फाशांनी खेळतो ते बेहड्याच्याच बियांचे. भुताच्या भीतीनं का होईना, कित्येक बेहडे कुऱ्हाडीतून वाचले आणि म्हातारे झाले. धनेशाला नेमकं तेच लागतं. त्याची चोच एवढी मोठी, पण तिनं त्याला ढोली कोरता येत नाही. आयती ढोली लागते. फांदी मोडावी, तिथे पाणी मुरावं, बुरशी लागावी, लाकूड आतून कुजत जावं, यात कित्येक वर्षं जातात. असं झाड लावून मिळत नाही.

बसून पाऊण तास झाला असेल. मुलींनी घड्याळं बघायला सुरुवात केली होती. तेवढ्यात दरीच्या बाजूनं आवाज आला, कुणी मोठं सूप जोरजोरानं पाखडावं तसा. धनेशाचे पंख असे असतात की मोठ्या पिसांच्या मुळाशी हवा मोकळी निसटते, म्हणून उडताना एवढा आवाज होतो. काळा देह, पोट पांढरं, चोचीवर पिवळंकाळं शिंगासारखं टोपर. नर येऊन ढोलीच्या तोंडाशी खोडाला लटकून बसला. ढोलीला तोंड म्हणजे एक उभी चीर तेवढी. बाकी सगळं लिंपलेलं.

ते लिंपण मादीनं केलेलं असतं. साधारण फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला ती आत शिरते आणि विष्ठेनं, मातीनं दार बंद करून घेते. आत असताना तिच्या पंखांची पिसं झडतात. त्या काळात ती उडूही शकत नाही. अंडी, पिल्लं, सगळं त्या अंधारात. अडीच-तीन महिने बाहेरचा आधार एकच, तो नर. धनेशाच्या चरबीचं तेल दुखण्यावर चालतं या समजुतीपायी हे पक्षी मारले गेले आहेत. बंदुकीच्या एका गोळीनं बाहेर एक पक्षी पडतो, पण आतली सगळीच उपाशी राहतात.

नरानं मान खाली-वर केली. गळ्यातून एक उंबर चोचीच्या टोकाशी आलं. त्यानं ते चिरेत धरलं. आतून दुसरी चोच पुढे आली आणि उंबर घेऊन गेली. मग दुसरं. मग तिसरं. एकही खाली पडू न देता तो एकेक फळ वर काढत होता. मी मोजत होतो. तेवीस. शेवटचं दिल्यावर तो क्षणभर थांबला, आणखी काही राहिलं का बघावं तसा, आणि पुन्हा पंखांचा तो आवाज करत दरीकडे गेला. वाटाड्यानं वही काढली. तारीख, सात वाजून दहा मिनिटं, उंबर, तेवीस. त्याचा आणि माझा आकडा जुळला तेव्हा तो माझ्याकडे पाहून हसला.

ही वही मी नंतर त्याच्या ओटीवर बसून पाहिली. चार वर्षांची पानं होती. सलीम अली यांनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीममध्ये असंच बसून सुगरण पक्ष्यांचं निरीक्षण केलं होतं. नर घरटं अर्धवट विणतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडलं तर राहते, आणि मग नर दुसरं घरटं विणायला घेतो, हे त्यांनी किहीमला बसून उलगडलं. प्रयोगशाळा नव्हती, नजर, वही आणि बसण्याची तयारी होती. २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो मोठा अहवाल निघाला, तोही अशाच तीस हजारांहून अधिक हौशी माणसांच्या नोंदींवर उभा आहे. ज्या ३३८ जातींचा दीर्घकाळचा कल त्यात काढता आला, त्यांतल्या ६० टक्के जाती घटत चालल्या आहेत. हा आकडा ऐकून माणूस हबकतो आणि विसरून जातो. तेवीस उंबरं मात्र मी विसरू शकत नाही.

दुपारी चुलतभावाकडे जेवायला बसलो. त्यानं वखारवाल्याची यादी समोर ठेवली. ऐन इतके, किंजळ इतके, बांधावरच्या अकेशिया इतक्या. बेहड्यापुढे लिहिलं होतं: ‘पोकळ. भाव निम्मा.’ मी ते शब्द किती तरी वेळ वाचत राहिलो. पोकळ म्हणून ज्याचा भाव निम्मा झाला होता, ती पोकळी म्हणजे एक भरलेलं घर होतं. पण हे कवितेत म्हणायला सोपं आहे. माझ्या भावाच्या छपरातून पाणी गळतं, त्याची मुलगी बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली आहे, आणि रत्नागिरी जिल्ह्यातलं बहुतेक रान असंच खासगी, सामाईक सातबाऱ्यांवरचं आहे. रान राखा म्हणून मुंबई-पुण्यातून सांगणाऱ्याला छप्पर गळत नाही. ते राखणाऱ्यानं काय खायचं, याचं उत्तर सोबत द्यावं लागतं.

असं उत्तर शोधणारी माणसं आपल्या देशात आहेत. अरुणाचल प्रदेशात पक्केच्या रानाला लागून निशी समाजाची वस्ती आहे. निशींच्या पारंपरिक टोपीवर धनेशाची चोच असे, त्यासाठी शिकार होई. तिथे २०११च्या सुमाराला घरटं दत्तक घेण्याची योजना सुरू झाली. शहरातली माणसं पैसे देतात आणि त्याच समाजातले लोक पगार घेऊन घरटी राखतात. टोपीवर आता फायबरची चोचही चालते. आपल्याकडे देवरहाटीनं हे काम शतकानुशतकं केलं, कारण तिथलं लाकूड देवाचं. आमच्या बेहड्याला देव नव्हता. त्याला चौदा मालक होते.

मी सही केली नाही, पण नकारही दिला नाही. त्या रात्री बसून आम्ही दोघांनी यादीच दोन केली. बांधावरच्या अकेशिया आणि मोजके ऐन विकायचे, तेही पिल्लं उडून गेल्यावर आणि रीतसर परवानगी घेऊन. बेहडा आणि त्याच्या आसपासची दोन उंबरं सातबारा आहे तोवर उभी ठेवायची, कारण उंबर गेलं तर ढोली राहून काय उपयोग? आणि बेहड्याचे जे पैसे येणार होते ते बाहेर कमावणाऱ्या आम्ही मंडळींनी भावाला द्यायचे. मग मी फोन करायला लागलो. कुवेतचा भाचा म्हणाला, “मामू, ककणेर भाडं देतो काय?” मी त्याला सांगितलं, देतो. उंबर, वड, आणखी कितीतरी झाडांची फळं तो खातो आणि बिया मैल-दोन मैल लांब टाकतो. आपण पेरलेलं नाही असं जे रान तुझ्या आजोबांच्या जमिनीवर उभं आहे, त्यात त्याच्या वाडवडिलांचा हात आहे. भाचा गप्प झाला. मग म्हणाला, “फोटो पाठव.” आतापर्यंत अकरा जणांनी होकार दिला आहे. तिघांचा यायचा आहे. भावाच्या छपराचे निम्मे पैसे जमले आहेत.

आता गावाचं नाव का सांगितलं नाही, ते तुमच्या लक्षात आलं असेल. घरट्याचा पत्ता जाहीर झाला की कॅमेरे घेऊन गर्दी येते, आणि गर्दीच्या भीतीनं नर ढोलीशी उतरत नाही. आतली चोच चिरेशी वाट बघत राहते. तुम्हाला धनेश बघायचा असेल तर वहीत नोंद ठेवणारा आणि शंभर पावलांवर थांबवणारा वाटाड्या शोधा. जो जवळ नेतो म्हणेल, त्याच्याबरोबर जाऊ नका.

आणि कोकणात जाणं झालं नाही तरी हरकत नाही. उद्या सकाळी साडेपाचला खिडकी उघडून बसा. पहिल्या पाव तासात किती आवाज येतात ते कागदावर लिहा. नावं ठाऊक नसतील तर घरातल्या सगळ्यांत वयस्क माणसाला उठवा, नाही तरी ती मंडळी जागीच असतात. आणि विचारा, “तुमच्याकडे याला काय म्हणायचे?” तुम्हाला पुस्तकात नसलेला एखादा शब्द मिळेल. तो शब्द, तो गाव आणि ती तारीख लिहून ठेवा. आमच्या वाटाड्याच्या वहीतही शेवटची काही पानं त्यानं अशा नावांसाठी राखली आहेत. त्यात दादीच्या तोंडची तीन नावं मी माझ्या हातानं लिहून आलो आहे.